मागं राहणारा माणूस

चैत्र लागला की आमच्या भागात दोन गोष्टी एकदमच येतात, जत्रा आणि अवकाळी. शहरातला माणूस कुठं जायचं म्हणलं की आधी हवा बघतो, मग तारीख धरतो. आमचं उलटं. तारीख आधीच ठरलेली, हवाच तेवढी सैल. येरमाळ्याची येडेश्वरी चैत्र पौर्णिमेलाच. ती पौर्णिमा 2023 साली 6 एप्रिलला आली, 2024 ला 23 एप्रिलला, 2025 ला 12 एप्रिलला. मध्ये अधिक महिना पडला की तिथी सतरा ते एकोणीस दिवस पुढं सरकते. पण सरकली म्हणून काही फरक पडत नाही. एप्रिलचा कोणताही दिवस उचला, त्या दिवशी आभाळ काय करील हे आदल्या रात्रीसुद्धा छातीठोक सांगता येत नाही.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं. बैलगाडीच्या काळात येरमाळा एका रात्रीच्या वाटेवर होतं. सांजच्याला गाड्या जुंपायच्या, तांबडं फुटायला बालाघाटाचा डोंगर आणि वरचं देऊळ दिसायचं. आता धुळे-सोलापूर रस्त्यानं जीप तासाभरात सोडते. पौर्णिमेला गडावर दर्शन, दुसऱ्या दिवशी पालखी खाली येते, चुन्याच्या रानात. तिथं लाखो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. तो चुना देवीच्या देवळाला लागतो. नंतर पालखी आमराईत मुक्काम करते. श्रीमंत असो की ऊसतोडीचा कोयता ठेवून नुकता परतलेला गडी असो, खडा वाकूनच वेचावा लागतो. मला त्या यात्रेतलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

आता त्या दिवसांत रानात काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मालदांडी ज्वारी काढून मोडून झालेली असते, पण कडब्याच्या पेंढ्या अजून उघड्यावर. कुणाची गंज रचून झालेली, कुणाची अर्धी. उशिराचा गहू कुठं उभा, कुठं मळणीयंत्राची वाट बघत पडलेला. कांदा काढून पातीखाली झाकलेला. आंब्याला कैऱ्या धरलेल्या. म्हणजे वर्षभराच्या कष्टाचा बराचसा माल घरातही नाही आणि बाजारातही नाही, मधल्या मध्ये आभाळाखाली. कडबा एकदा भिजून काळा पडला की जनावर तोंड लावत नाही, आणि पुढं पावसाळ्यापर्यंत वैरण आणायची कुठून?

आणि अवकाळी येतं कसं? सकाळी आभाळ धुतल्यासारखं लख्ख. दुपारी ऊन असं की ढेकूळ फुटावं. तीनच्या पुढं एका कोपऱ्यात काळं धरतं. समुद्राकडून आलेली ओल आणि इकडची तापलेली कोरडी हवा यांची झुंज लागते, असं हवामानवाले सांगतात. आम्हाला कळतं ते एवढंच की वारं एकदम थांबतं आणि मग उलट्या बाजूनं सुटतं. आधी धूळ, मग टपोरे थेंब, कधी गारा. 2014 ची गारपीट कुणी विसरलेलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्याला झोडपलं. ज्वारी आडवी, हरभरा मातीत, द्राक्षाचे घड तारेखाली सडा पडल्यासारखे, झाडाखाली मेलेली पाखरं. महिन्याभरानं, 15 एप्रिलला, पौर्णिमा होती. त्या वर्षीही माणसं येरमाळ्याला गेली. राखायला काही उरलंच नव्हतं, मग अडकायचं कशाला, असं एकानं मला हसत सांगितलं. ते हसणं बघवत नव्हतं.

तर प्रश्न असा : रानात माल उघडा असताना यात्रेला जावं का?

याचं गावातलं ठरलेलं उत्तर आहे, "देवीवर सोडायचं अन् जायचं." मी साठी ओलांडली, पण देवीवर सोडून गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. सगळे कुणातरी माणसावर सोडून जातात. म्हाताऱ्या बापावर, बाळंत सुनेवर, नाहीतर सालगड्यावर. गाडी हलताना तोंडात देवीचं नाव असतं आणि हात मागं वळून सांगत असतो, "ताडपत्री बघ रे." म्हणून प्रश्न भक्तीचा नाहीच. आपल्या पुण्याची जोखीम कुणाच्या अंगावर टाकून आपण निघालो, हा खरा प्रश्न आहे.

सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. पाडवा ते पाडवा. रोख किती, ज्वारी किती, धडुतं, पायताण, सगळं बोलून होतं. आणि पाडव्यानंतर पंधराच दिवसांनी पौर्णिमा. नवा गडी, उचल घेऊन घरच्यांच्या दवाखान्याला नाहीतर लग्नाला लावलेली. तो कुठल्या तोंडानं म्हणणार, मालक, मलाही देवीला जायचंय? त्याचं गप्प राहणं म्हणजे त्याची मर्जी, असं धरून आमची मोठमोठी शहाणी माणसं चालतात.

शेजारच्या शिवारातली एक गोष्ट आहे. नावगाव सांगत नाही. मालक निघताना म्हणाला, "एक पेंढी भिजली तर सालातून कापीन." गमतीत म्हणाला असंल. पण सालाच्या माणसाला मालकाची गंमत गंमत वाटत नाही. संध्याकाळी वारं सुटलं, गंजीवरली ताडपत्री उडायला लागली, तो वर चढून दोरी धरून बसला. ताडपत्रीत वारं भरलं आणि त्याला घेऊनच खाली आलं. खुबा मोडला. मालकानं दवाखान्याचा सगळा खर्च केला, साल कापलं नाही, लोकांनी नाव काढलं. खर्च केला हे चांगलंच केलं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण पैसे नंतर दिले म्हणून आधी टाकलेलं ओझं हलकं होत नाही. त्या गड्याला गंजीवर चढवलं ते वाऱ्यानं नव्हे, त्या एका वाक्यानं.

याच्या उलट माझ्या वडलांचं. 1978 साली माझी दहावीची परीक्षा झाली, निकालाला अवकाश होता, आणि त्या साली रानात राहायची पाळी माझी होती. आमच्याकडं पाळी असायची. यंदा एक गेला तर पुढच्या साली तो मागं. आण्णांनी गाडी जुंपली, आई वर बसली, आणि ते परत उतरून माझ्याकडं आले. म्हणाले, "आभाळ गरजाया लागलं की बैलं सोडून द्यायची, झाडाखाली थांबायचं न्हाई, गंजीकडं तर फिरकायचंच न्हाई. कडबा परत हुतो." बास. देवीचं नाव नाही, काळजी घे नाही. त्या रात्री चार थेंब पडून गेले, गारा काही आल्या नाहीत, त्यामुळं सांगण्यासारखं काही घडलं नाही. पण मागं राहणाऱ्याची राखण कुठं संपते हे जाणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगून जायचं असतं, हे मला त्यातून कळलं. मागं राहणारा आपणहून ती रेघ ओढू शकत नाही. ओढली तर तो कामचुकार ठरतो.

आता माझा थोरला पुण्याला असतो. तो म्हणतो, "आण्णा, आता हे प्रश्न राहिले नाहीत. हवामान खातं जिल्ह्याला पिवळा, नारिंगी इशारा देतं. पुण्याच्याच संस्थेनं दामिनी ॲप काढलंय, वीस-चाळीस किलोमीटरवरली वीज दाखवतं. बघायचं आणि ठरवायचं." त्याचं खोटं नाही. मी दोन्ही बघतो. पण माझं म्हणणं असं की यानं प्रश्न सुटला नाही, जास्त टोकदार झाला. पूर्वी येरमाळ्याच्या गर्दीत उभ्या माणसाला गावाकडं काय चाललंय ते कळायचंच नाही. घरी येऊन "अचानक आलं" म्हणता यायचं. आता दुपारी दोनला दर्शनाच्या रांगेत माझा मोबाइल वाजतो. रानातल्या माणसाकडं बटणांचा फोन, तोही खुंटीला. म्हणजे माहिती माझ्या खिशात आणि वीज त्याच्या डोक्यावर. मग रांग सोडून, रेंज मिळेल तिथं जाऊन फोन लावणं हे माझ्यावर आलं की नाही? नंबर जवळ आलेला असला तरी? मला वाटतं, आलं. ज्याला आधी कळतं तो आता निव्वळ यात्रेकरू राहत नाही.

मग जाऊच नये का, असंही कुणी म्हणंल. तेही मला पटत नाही. आमची आई ऐंशीच्या घरात होती तेव्हा एकदा मंडळी म्हणाली, यंदा आभाळाचं लक्षण बरं दिसत नाही, ऱ्हाऊ द्या. आई म्हणाली, "कडब्यासाठी ऱ्हायचं तर ऱ्हावा, पर देवीला कळतंय म्हणू नका. देवीला कळंल, मला न्हाई कळत." माणसाला वर्षातून एक दिवस रानाबाहेर पाय काढावा वाटतो. त्यात बाईमाणसाला तर जास्तच. त्यांचा तो दिवस काळजीच्या नावाखाली काढून घेणं हाही एक अन्यायच, फक्त त्याला खुबा मोडल्यासारखं दिसणारं काही नसतं.

आमच्या घरात एक रीत होती, चुन्याच्या रानात मागं राहिलेल्याच्या नावानं एक खडा जास्त वेचायचा. मी ती बरीच वर्षं पाळली. तीन वर्षांमागं नवा सालगडी आला, वाशीकडचा. पाडव्याला साल ठरताना सगळं बोलणं झालं आणि मी म्हणलं, "तुझ्या नावचा खडा आमी टाकतो बघ दरसाल, काळजी नगं." तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मालक, माझा खडा माझ्या हातानं टाकावा म्हणतो."

तेव्हापासून सालाच्या बोलीतच यात्रा घातली. ज्वारी किती, पायताण किती आणि यात्रेचा दिवस कुठला. पौर्णिमेला आम्ही गडावर जाऊन रात्रीपर्यंत परत येतो. दुसऱ्या दिवशी चुन्याच्या रानाला तो, त्याची बायको आणि पोरं जातात, जीपचं भाडं सालाबाहेर. त्या दिवशी रानात मी असतो. गेल्या साली चारच्या सुमारास येरमाळ्याहून त्याचा फोन आला. मागं ढोलताशाचा आवाज, काही नीट ऐकू येईना. ओरडून विचारत होता, "आण्णा, तिकडं आभाळ कसंय?"

मी म्हणलं, काळं धरलंय, पर मी शेडात हाय, गंजीकडं गेलो न्हाई.