गुरूला खोडून काढताना

सरांच्या शोकसभेत जवळजवळ प्रत्येक वक्त्याने 'गुरुशिष्य परंपरेतले शेवटचे' म्हणून हात जोडले. आमच्या ज्या विभागात सरांची हयात गेली, तिथल्याच कपाटात आता नॅकच्या मूल्यांकनासाठी 'मेंटॉर-मेंटी'ची रजिस्टरं आहेत. एका प्राध्यापकामागे विद्यार्थी किती, भेटी किती, खाली सही. एकीकडे पाद्यपूजा, दुसरीकडे रकाने. सर दोन्हींत बसणारे नव्हते.

आश्रम, पाठशाळा, शास्त्रीबुवा, मग एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेज, भांडारकर, हा गुरुशिष्य नात्याचा प्रवास वाचकांना पाठ आहे. एक गोष्ट मात्र त्यात निसटते. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ कित्येक दशकं शिकवतच नव्हतं. ते परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं, शिकवायची कॉलेजं. समाजशास्त्राचा विभाग आला १९१९ साली, पॅट्रिक गेडिस यांच्याबरोबर. १९२४ मध्ये गो. स. घुर्ये प्रमुख झाले आणि त्यांच्या हाताखाली प्रबंधांची रांग लागली.

इथेच आपण सगळे चुकीचं वाचतो. घुर्ये म्हणजे करडे गुरू आणि त्यांचे विद्यार्थी म्हणजे घराणं, अशी गोष्ट आपण रंगवतो. घराण्यात गायकी पुढे जाते. इथे काय पुढे गेलं? अ. र. देसाई मार्क्सवादी, घुर्ये त्या वाटेला जाणारे नव्हेत. तरी राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा देसाईंचा प्रबंध घुर्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाला आणि १९४८ साली पुस्तकरूपाने आला. पुढे त्याच विभागाचं प्रमुखपद देसाईंकडे आलं. घुर्ये पोटजातींना मोठ्या जातींची फुटून निघालेली शकलं मानत. त्यांच्याच विद्यार्थिनीने, इरावतीबाई कर्व्यांनी, नेमकं उलट मांडलं: मुळात वेगवेगळे असलेले गट शेजारी येऊन जात बनते. घुर्ये प्रेमळ होते असं मला म्हणायचं नाही, तसे ते नसावेत. पण विद्यापीठाने एक नवी सोय केली होती. इथे शिष्य पुराव्यानिशी गुरूविरुद्ध जाऊ शकत होता आणि उद्या शेजारच्या खोलीत सहकारी म्हणून बसू शकत होता. गुरुकुलातही वाद होत, पण शिष्याला बरोबरीची खुर्ची मिळत नसे.

सरांनी या सोयीत माया ओतली. मी विभागात नवा लागलो तेव्हा जातपंचायतींवरचा त्यांचा एक निष्कर्ष माझ्या क्षेत्रकामात टिकेना. घाबरतच कच्चा मसुदा दिला. आठवड्याने परत आला तो समासात बारीक पेन्सिलीने लिहून: 'मी चुकलो असेन, पण तुझी गावं दोनच आहेत. तिसरं बघ.' सोबत त्यांच्या प्रकल्पातून माझ्या प्रवासखर्चाला मंजुरी. तिसऱ्या गावाने माझं म्हणणं अर्धंच उचलून धरलं. तेवढं छापलं गेलं, आणि पुढच्या आवृत्तीत सरांनी स्वतःचा परिच्छेद बदलून तळटिपेत माझं नाव घातलं.

रजिस्टरात याला रकाना नाही, आणि पाया पडून हे घडत नाही. विभाग आता सरांच्या नावाने पुरस्कार ठेवणार आहे म्हणे. ठेवायचाच असेल तर तो दरवर्षी आपल्याच मार्गदर्शकाचं म्हणणं पुराव्यानिशी खोडून काढणाऱ्या प्रबंधाला द्यावा, आणि तो स्वीकारायला त्या मार्गदर्शकालाही व्यासपीठावर बोलवावं.