जन्मस्थळ शहापूर, राष्ट्रीयत्व नेपाळी

शाळेच्या दाखल्यावर एक रकाना असतो, त्याच्याकडे आपण कधी बघत नाही. जातीचा रकाना बघतो, जन्मतारीख दोनदा तपासतो, आडनावाची वेलांटी चुकली तर दुरुस्तीसाठी खेटे घालतो. पण ‘राष्ट्रीयत्व’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचायची वेळ येत नाही, कारण तिथे सगळ्यांचं एकच असतं. आसनगावातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या दाखल्यावर तिथे ‘नेपाळी’ आहे. त्याच कागदावर वर जन्मस्थळ लिहिलंय: शहापूर, जिल्हा ठाणे.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. मैदानावर तो दहा नंबर, तेवढं पुरे. मैदान म्हणजे तरी काय, दिवाळीनंतर भात कापून झालं की ज्या शेतात वाल टाकत नाहीत ते शेत. धसकटं पायाला लागतात, चेंडू सरळ जात नाही, समोर माहुलीचा किल्ला. कसाऱ्याच्या लोकलनं ठाण्याला नोकरीला जाणारे आम्ही चार-पाच जण रविवारी तिथे खेळतो आणि आमच्यात ही शाळेतली पोरं घुसतात. दहा नंबर डाव्या पायाचा. त्या खडबडीत जमिनीवर चेंडू कुठे उसळणार हे त्याला आधी कळतं, आम्हाला नंतर.

त्याचे वडील नव्या इमारतींपैकी एकीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. पश्चिम नेपाळातून वीसेक वर्षांपूर्वी आले. इमारतीतले लोक त्यांना ‘बहादूर’ म्हणतात. त्यांचं नाव बहादूर नाही. मीही दोन वर्षं तेच म्हणत होतो, हे सांगून टाकतो.

मागच्या वर्षी मुंबईकडच्या एका क्लबनं निवड चाचणी घेतली. दहा नंबर निवडला गेला. मग कागदपत्रं मागितली. प्रशिक्षकानं चांगल्या शब्दांत सांगितलं, की मुलाला घेता येईल, पण तो परदेशी खेळाडू म्हणून मोजला जाईल आणि पुढे भारताच्या कुठल्याही वयोगटाच्या संघासाठी त्याचा विचार होणार नाही. मुलानं मला विचारलं, “दादा, परदेशी म्हणजे? मी तर कल्याणच्या पुढे चार वेळाच गेलोय.”

त्याला उत्तर द्यायला म्हणून मी नियम वाचायला बसलो.

फिफाचा नियम वाटतो तेवढा क्रूर नाही. पहिली अट त्या देशाचं नागरिकत्व. नागरिकत्व नव्यानं घेतलेलं असेल तर आणखी एक धागा दाखवावा लागतो: तुमचा जन्म तिथला, किंवा आई-वडिलांपैकी एकाचा, किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा, नाहीतर तुम्ही तिथे काही वर्षं राहिलेले. दहा वर्षांच्या आत आलेल्या मुलाला तीन वर्षं पुरतात, नंतर आलेल्याला पाच. ही सवलत २०२० सालची. म्हणजे लहानपण जिथे जातं तिथे माणूस लवकर रुजतो, हे फिफासारख्या संस्थेलाही मान्य आहे. या हिशेबात दहा नंबरकडे जन्माचा धागा आहे, सोळा वर्षांच्या वास्तव्याचाही. अडतं ते पहिल्या अटीवर.

कारण भारतात जन्मलं म्हणजे भारतीय, हा नियम आता राहिलेला नाही. एके काळी होता. संविधान लागू झाल्यापासून १ जुलै १९८७ पर्यंत इथे जन्मलेलं जवळपास प्रत्येक मूल जन्मानंच नागरिक होतं, आई-बाप कुठलेही असोत. आसाम आंदोलनानंतर कायदा बदलला आणि पालकांपैकी एक भारतीय असणं आवश्यक झालं. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी घट्ट झाला: एक पालक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. दहा नंबरचे आई-वडील बेकायदा अजिबात नाहीत. १९५०च्या भारत-नेपाळ करारानं त्यांना इथे राहायची, काम करायची पूर्ण मुभा आहे. पण दोघंही नेपाळी. हेच बाळ त्याच दवाखान्यात १९८० साली जन्मलं असतं तर भारतीय असतं.

अठरा पूर्ण झाल्यावर तो अर्ज करू शकतो. साधारण बारा वर्षांचं वास्तव्य दाखवायचं, नेपाळचं नागरिकत्व सोडायची तयारी लिहून द्यायची आणि आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा येते हे सिद्ध करायचं. त्याला मराठी येते, हिंदी येते आणि नेपाळी येते. नेपाळी १९९२पासून त्याच अनुसूचीत आहे! म्हणजे भाषेनं तो तीनदा पास. तरी सरकार नागरिकत्व देऊ शकतं, द्यायलाच हवं असं नाही. आणि फुटबॉलपटूची घडायची वर्षं अठराच्या आधीच निघून जातात.

आता दुसरी बाजू बघू. पुणे एफसीकडून खेळणारा आराता इझुमी जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. जन्म जपानमधला, आई जपानी, वडील गुजराती. जपान दुहेरी नागरिकत्व चालवून घेत नाही, भारतही नाही. २०१२ साली त्यानं जपानी पासपोर्ट सोडून भारतीय घेतला, नीलकंठ खंबोळजा हे नाव लावलं आणि फेब्रुवारी २०१३मध्ये कोचीत पॅलेस्टाईनविरुद्ध भारतासाठी खेळला. आपण तो सामना २-४ असा हरलो. तेव्हा तो तिशीत पोचला होता. आणि अगदी अलीकडे, २०२५च्या नोव्हेंबरात, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सला भारतीय पासपोर्ट मिळाला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आजोबा १९५०च्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. दोघांनीही मोठा त्याग केला, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही. विल्यम्सची बातमी मी लोकलमध्ये वाचली आणि मला आनंदच झाला.

पण त्या बातमीखालच्या प्रतिक्रियांमध्ये एक शब्द सारखा येत होता: ‘रक्त’. शेवटी रक्त ओढ घेतंच, वगैरे. आजोबा मुंबईचे म्हणून नातू आपला. मग जो स्वतः इथला आहे, ज्याचे आजोबा तेवढे इथले नाहीत, तो कोणाचा?

रक्ताच्या हिशेबाची गंमत बघायची तर मलेशियाकडे बघा. २०२५च्या सप्टेंबरात फिफानं त्यांच्या सात खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी घातली. आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याचे कागद दाखवले होते, मूळ नोंदी निघाल्या अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, नेदरलँड्समधल्या. तिकडे आजीचं जन्मस्थळ खोटं लिहावं लागलं, इकडे मुलाचं स्वतःचं जन्मस्थळ खरं असून कामाचं नाही.

तरी नियम नकोतच, असं मी म्हणणार नाही. २००४ साली कतार ब्राझीलच्या आयल्तोनसारख्या खेळाडूंना पैसे देऊन आपल्या संघात आणायला निघाला होता. त्या माणसाचा कतारशी काडीचा संबंध नव्हता. तेव्हा फिफानं घाईनं ‘ठोस संबंध’ दाखवायची अट घातली आणि बरं केलं. नाहीतर विश्वचषक म्हणजे दुसरी क्लब लीग झाली असती. संघाचं कोणाशी तरी नातं असलं पाहिजे, हे खरंच आहे. वाद आहे तो नातं कशानं मोजायचं यावर.

इथे माझे मित्र एक सोपा तोडगा सुचवतात. “अरे, पोरगा एवढा चांगला खेळतो, सरकारनं खास बाब म्हणून द्यावं की नागरिकत्व.” हा तोडगा जगात वापरलाही गेलाय. आन्सू फाती गिनी-बिसाऊत जन्मला, सहाव्या वर्षी स्पेनला आला. बार्सिलोनाकडून सोळाव्या वर्षी चमकला आणि २०१९च्या सप्टेंबरात स्पेनच्या मंत्रिमंडळानं त्याला खास बाब म्हणून नागरिकत्व दिलं. वर्षभरात तो स्पेनचा सगळ्यात लहान गोल करणारा खेळाडू झाला. गोष्ट गोड आहे. मला ती जितकी आवडते तितकीच खटकते.

खटकते कारण दहा नंबरला एक बहीण आहे. दोन वर्षांनी लहान, त्याच दवाखान्यात जन्मलेली. ती खेळत नाही. चित्रं बरी काढते, गणितात कच्ची आहे, निबंध मराठीतच लिहिते. ‘खास बाब’ म्हणून भावाला पासपोर्ट मिळाला तर तो कशाबद्दल मिळाला? इथला असल्याबद्दल नाही, कारण इथली तर तीही आहे. मिळाला तो डाव्या पायाबद्दल. म्हणजे कतार जे करत होता तेच, फक्त खरेदी स्वस्तातली आणि माल घरच्या अंगणातला. मग गुडघा गेला की त्याचा दावाही गेला का? उद्या त्यानं खेळणं सोडलं तर तो पुन्हा ‘नेपाळी’?

याच्या शेजारी अल्फोन्सो डेव्हिसची गोष्ट ठेवून बघा. लायबेरियन आई-वडील, जन्म घानामधल्या निर्वासित छावणीतला, पाचव्या वर्षी कॅनडात. ६ जून २०१७ रोजी तो कॅनडाचा नागरिक झाला आणि १३ जूनला, सोळाव्या वर्षी, देशाकडून खेळला. सात दिवसांत! पण ते सात दिवस शक्य झाले कारण त्याआधीची अकरा वर्षं तिथल्या कायद्यानं निर्वासित कुटुंबांना चालायला एक साधा रस्ता दिला होता. तो रस्ता फुटबॉलपटूंसाठी बांधलेला नव्हता. त्यावरून खाटीकही गेले, नर्सही गेल्या, एक डेव्हिसही गेला.

‘होतकरू’ हा शब्द मला म्हणूनच आता नकोसा वाटतो. होतकरू मुलावर अन्याय झाला की आपण हळहळतो आणि त्या हळहळीत बेरकी हिशेब असतो: देशाचं नुकसान झालं. त्याचं काय झालं हे दुय्यम.

माझ्या बाजूला भोकं आहेत, मला दिसतात. नेपाळची सीमा उघडी आहे. जन्मावर नागरिकत्व दिलं तर किती जण, आणि कोण, हा प्रश्न आसाममधल्या माणसाला माझ्याइतका हलका वाटणार नाही. शिवाय आमच्याच मैदानावरचा आमचा गोलकीपर कातकरी आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा इथला. दिवाळी झाली की आई-बापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, अक्षय्यतृतीयेच्या आसपास परततो. नियमानं तो भारताकडून खेळायला पूर्ण पात्र आहे. एका अर्थी दहा नंबरपेक्षा त्याचंच नशीब कच्चं, आणि त्याच्यासाठी मी असा लेख लिहिला नव्हता. पण म्हणून पहिला प्रश्न मिटत नाही. सीमेवरून काल आलेला आणि इथेच बालवाडीपासून वाढलेला, यांत फरक करणं कायद्याला अवघड नाही. फिफाला तीन वर्षं मोजता येतात तर आपल्याला शाळेचा हजेरीपट मोजता यावा. शाळेत दहा वर्षं ज्याची हजेरी लागली, त्याला अठराची वाट बघायला का लावायचं? अर्ज त्याचा, आणि उत्तर ‘देऊ शकतो’ऐवजी ‘देतो’.

नेपाळकडून का खेळत नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. नेपाळचं नागरिकत्व त्याला मिळू शकतं, सोळा झाली की तिथे प्रमाणपत्र देतात. वडिलांची तीच इच्छा आहे. त्यांनी मुंबईत वीस वर्षं रात्री जागून काढली आणि त्यांच्या मनातलं घर अजून डोंगरापलीकडे आहे. मुलानं नेपाळ दोनदा पाहिलाय, एकदा आजीच्या आजारपणात आणि एकदा लग्नाला. सुनील छेत्री नेपाळी बोलणाऱ्या घरातला, हे त्यानंच मला अभिमानानं सांगितलं होतं. फरक एवढाच, की छेत्रीचे वडील भारतीय लष्करात होते आणि याचे वडील इमारतीच्या गेटवर.

१६ ऑक्टोबर २०२१ची एक गोष्ट त्यानं सांगितली. सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना, मालेला, भारत विरुद्ध नेपाळ. तो तेव्हा बारा वर्षांचा. वडिलांची ड्यूटी होती म्हणून दोघं वॉचमनच्या केबिनमध्ये बसून एकाच फोनवर बघत होते. उत्तरार्धात छेत्रीनं गोल केला आणि हा ओरडला. मग त्यानं वडिलांकडे बघितलं. वडील काही बोलले नाहीत. मिनिटभरात दुसरा गोल झाला, तेव्हा तो गप्प बसला. शेवटी ३-०. वडील उठले, गेटवर आलेल्या गाडीसाठी अडसर वर केला, परत आले आणि म्हणाले, “चांगला खेळला ना तुझा छेत्री.”

“‘तुझा’ म्हणाले,” तो मला म्हणाला. त्याला ते बरं वाटलं की लागलं, हे मी विचारलं नाही.

बहिणीचा दहावीचा फॉर्म आता भरायचाय. मागच्या रविवारी खेळ संपल्यावर त्यानं फोनवर तिच्या शाळेतल्या नोंदीचा फोटो दाखवला, स्पेलिंग बरोबर आहे का बघायला. आईच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. ते मी सांगितलं. त्यानं खालच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “हे पण बदलतं का, दादा?” तेवढ्यात कोणीतरी चेंडू नाल्यात मारला आणि तो आणायला तोच धावला, कारण सगळ्यात जोरात तोच धावतो.