शिखरावरील समाधी

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानात, फर आणि स्प्रूस वृक्षांच्या श्यामल अरण्याने वेढलेल्या ब्लॅक माउंटन्सच्या माथ्यावर जे माउंट मिचेल उद्यान आहे, तेथे गेलो असता ६,६८४ फुटांच्या उंचीपेक्षा शिखरावरच्या एका समाधीनेच माझे चित्त वेधले. ज्यांनी १८३५ साली वायुभारमापकाने या पर्वताची मोजणी आरंभिली, ते प्राध्यापक एलायशा मिचेल, एका माजी शिष्यानेच त्या मोजणीवर तक्रार उभी केल्यामुळे, साठी उलटल्यावर, १८५७ मध्ये, फेरतपासणीस निघाले आणि धबधब्यावरून कोसळून निवर्तले; ही समाधी त्यांचीच. (दप्तरातला एक आकडा, आणि त्यापायी प्राण!) पुढे कुऱ्हाडींनी रान उजाड होऊ लागले, तेव्हा १९१५ साली सरकारने कायदा करून हा माथा राखला. मी पोहोचलो तेव्हा धुके दाटले होते. मोजलेले शिखर दिसतच नव्हते, फक्त ओल्या फरचा गंध येत होता.