छातीवरचा चेहरा

जहाजावरील स्फोटात मरण पावलेल्यांसाठी ५ मार्च १९६० रोजी हवानात भरलेल्या शोकसभेत अल्बेर्तो कोर्दा यांनी चे गेव्हाराचे छायाचित्र टिपले. क्रांतिकारकाचा तो चेहरा आज टी-शर्टवर विकला जातो. २००० साली व्होडकाच्या जाहिरातीविरुद्ध कोर्दांनी दाद मागितली आणि मिळालेली भरपाई क्यूबाच्या आरोग्यसेवेला दिली. मात्र याच चेच्या अधिकाराखाली १९५९ मध्ये ला काबान्या किल्ल्यात अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. टी-शर्ट घालणाऱ्याला ना त्याचा त्याग ठाऊक, ना त्या मृतांच्या आप्तांचे दुःख. आदर्श मानायचे वा नाकारायचे, आधी माणूस जाणून घ्यावा लागतो. म्हणून मुलांना ‘तो काढ’ म्हणण्यापूर्वी ‘हा कोण?’ असे आम्ही विचारावे. उत्तर देण्याइतके आम्हीही वाचावे.