गुणगुणणारा पियानोवादक

ग्लेन गूल्ड हा कॅनडाचा पियानोवादक माझा भारी लाडका. बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ त्यानं १९५५ साली ध्वनिमुद्रित केली, तेव्हा तो अवघ्या बावीस वर्षांचा होता. कान देऊन ऐका, पियानोमागे कुणीतरी गुणगुणतंय. तो स्वतः गूल्डच! ध्वनिमुद्रकांनी डोक्याला हात लावला, पण गडी थांबेना. मला मात्र ते गुणगुणणं हवंहवंसं वाटतं.

वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली घडीची खुर्ची तो जगभर सोबत नेई. बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा इंच. पुढे गादी पार झिजली, तरी पठ्ठ्या नुसत्या लाकडी चौकटीवर बसून वाजवायचा. याला विक्षिप्तपणा म्हणा हवं तर. मी हट्ट म्हणेन.

१९६४ साली, ऐन बहरात, त्यानं मैफली कायमच्या सोडल्या. टाळ्यांचा त्याला तिटकाराच होता. १९८१ मध्ये ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ पुन्हा ध्वनिमुद्रित केली. आधी अडतीस मिनिटांत संपलेली, आता एक्कावन्न मिनिटं चालली. सुरुवातीचा आरिया तर इतका सावकाश, की पुढचा सूर येतो की नाही याची धाकधूक वाटावी.

सकाळी मी ही १९८१चीच लावतो. १९५५ची लावली की तिच्या वेगात मी हरवतो आणि गॅसवरचं दूध हमखास उतू जातं.