पडद्याआडची बेटीबंदी

१९३८ साली जगाच्या दोन टोकांना दोन पुरुष बायकांपासून जीव वाचवत फिरत होते. हॉवर्ड हॉक्सच्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’त कॅरी ग्रँट डायनोसॉरच्या सांगाड्यात तोंड खुपसून बसला होता. इकडे मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त औदुंबर ब्रह्मचर्याची शपथ घेऊन आश्रमात दाखल झाला होता. एकाच्या मागे कॅथरिन हेपबर्न बिबट्यासकट लागली, दुसऱ्यासमोर मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरली. कुणी कुणाची नक्कल केलेली नव्हती. गंभीर पुरुषाला त्याच्या गांभीर्यातून खेचून काढणारी बाई दोन्हीकडच्या लेखकांना एकाच वेळी सुचली. तिकडे हेपबर्नचा सिनेमा पडला. इकडे अत्र्यांनी लिहिलेल्या ‘ब्रह्मचारी’वर लोकांच्या उड्या पडल्या. संस्कृतिरक्षक चिडले आणि बहुधा पुन्हा एकदा पाहून आले.

या प्रकाराला हॉलिवूडमध्ये स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात. तिचा आद्य नमुना फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’, १९३४ चा, ऐन मंदीतला. कोट्यधीशाची मुलगी बापावर रुसून पळते आणि मायामीहून न्यूयॉर्ककडे निघालेली बस पकडते. शेजारी नोकरी गेलेला वार्ताहर. ती क्लोडेट कोल्बर्ट, तो क्लार्क गेबल. पैसे संपत येतात, रात्री एकाच खोलीत राहायची वेळ येते, तेव्हा तो मध्ये दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो. त्याच वर्षीच्या जुलैपासून अमेरिकेत सिनेमाची आचारसंहिता कडक झाली. शरीर दाखवता येईना, तेव्हा पुढच्या लेखकांनी सगळी आच संवादांत ओतली. बाई पुरुषाशी तोडीस तोड भांडते, आणि ते भांडणच प्रेम असतं. काप्राच्या सिनेमाला ऑस्करची पाचही मुख्य पारितोषिकं मिळाली.

मला मात्र त्यातला बाप सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलगी भलत्याच माणसाशी लग्नाला उभी राहायला निघालेली असताना तो तिच्या कानात सांगतो, मागे गाडी तयार आहे, पळ. इथे या विनोदाची किल्ली आहे. मधली भिंत पैशाची आहे आणि पैसा ज्याचा आहे तोच ती पाडायला तयार आहे.

आता हीच बस महाडच्या एसटी स्टँडवरून सोडून पाहू. रात्रीची वेळ, मुंबईहून आलेली गाडी. पुढे पोलादपूर, तिथून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो, दुसरा कशेडीवरून खेडकडे जातो. २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे एकटीने निघालेली मुलगीही आता नवलाची नाही. शेजारी अनोळखी तरुण. खिडकीवरून भांडण सुरू झालेलं. काप्राला आणखी काय हवं? पण पोलादपूर यायच्या आत पुढच्या बाकावरचे काका मागे वळतात. “गाव कुठलं?” आणि लगेच, “आडनाव काय?” गेबलच्या बसमध्ये सगळे प्रवासी मिळून गाणं म्हणतात, आडनावाचं कुणाला पडलेलं नसतं. आपल्याकडे त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, गोष्ट विनोदी होणार की रक्तबंबाळ.

महाडमध्ये बसून याकडे काणाडोळा करता येत नाही. २० मार्च १९२७ ला इथे चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, हे शाळेतली पोरंही सांगतात. त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथेच भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी जे सांगितलं, ते कमी आठवलं जातं. पाणवठे आणि देवळं खुली झाल्याने अस्पृश्यता मुळातून उपटली जाणार नाही, बेटीबंदी उठली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच दिवशी मनुस्मृती जाळली गेली. म्हणजे मराठी प्रेमकथेच्या मधली खरी भिंत कोणती, हे ‘ब्रह्मचारी’च्या अकरा वर्षं आधी महाडात जाहीर झालं होतं.

विनोदी सिनेमाने ती भिंत पाहिलीच नाही. ‘ब्रह्मचारी’ने व्रतवैकल्याची टिंगल केली. चिं. वि. जोशींच्या कथेवरचा ‘लग्न पहावं करून’ (१९४०) लग्न जमवण्याच्या खटपटीवर हसला. दोन्ही धीट, दोन्ही मला प्रिय; पण लग्न होणार ते जातीतच, हे गृहीतच. अत्र्यांना दृष्टी नव्हती असं म्हणायची सोय नाही. ‘महात्मा फुले’ हा १९५४ चा चित्रपट त्यांचाच, आणि त्याचा मुहूर्त बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता. जात त्यांच्या गंभीर सिनेमात आली, विनोदाच्या दारात अडली. हिंदीने आणखी सोपी युक्ती काढली. काप्राच्या कथेवरून १९५६ साली ‘चोरी चोरी’ काढताना राज कपूरच्या पात्राला नाव दिलं सागर. नुसतं सागर. काकांची पंचाईत.

आडनाव लपवलं नाही ते नागराज मंजुळेंनी, २०१६ च्या ‘सैराट’मध्ये. त्याचा पूर्वार्ध अस्सल स्क्रूबॉल आहे. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, स्वतः पुढाकार घेणारी, पोराची भंबेरी उडवणारी आर्ची ही हेपबर्नचीच बहीण. प्रेक्षक हसतात, नाचतात. फरक एवढाच की या मुलीचा बाप गाडी पाठवतो ती पळून जायला नव्हे, पकडून आणायला.

कायदाही या विनोदाला फारसा अनुकूल नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावतात, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबतात. कोल्बर्ट मांडवातून मिनिटभरात पळाली. आपल्या नायिकेचं नाव महिनाभर फलकावर, भावकीने वाचावं म्हणून.

तरी हा सिनेमा मराठीत होऊ शकतो, असं माझं ठाम मत आहे. लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की पहिल्याच प्रसंगात दोघांची आडनावं सांगून टाका आणि मग हसवा. कानात ‘पळ’ म्हणणारा बापही लिहा. पोरीच्या जातीबाहेरच्या लग्नात पुढे होऊन सही करणारे बाप महाराष्ट्रात आहेत. त्यांना पडद्यावर आणा.