ताकद आणि ओळख

औषधाच्या दुकानात गल्ल्याशेजारी काढ्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात, आणि प्रत्येक बाटलीवर एकच वचन : प्रतिकारशक्ती वाढेल. परवा ओळखीचे एक गृहस्थ तशी बाटली घेताना म्हणाले, ‘‘आत ताकद असली की रोग जवळ फिरकत नाही.’’ ते वाक्य डोक्यातून जाईना.

पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, हे शाळेतच शिकवतात. पण लढायचं कोणाशी, हे त्यांना कसं कळतं? छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत टी-पेशी तयार होतात. ज्यांना काहीच ओळखता येत नाही आणि ज्या आपल्याच शरीरावर उठतील, अशा पेशी तिथेच मरतात. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. ओळख चुकू नये म्हणून शरीर एवढी नासाडी सोसतं.

त्या गृहस्थांनी कुष्ठरोगाकडे पाहावं. ज्यांच्या शरीराला त्याचा जंतू खुपतच नाही, त्यांच्या अंगात तो अफाट वाढतो. एरवी तीच माणसं इतर जंतूंशी नीट लढतात. उलट ज्यांचा प्रतिकार जोरदार, त्यांच्यात जंतू थोडे, पण नसा लवकर दुखावतात. उपचार चालू असतानाही कधी प्रतिकार एकदम उसळतो, नसा सुजतात, बोटं वाकडी होतात. तेव्हा डॉक्टर प्रेडनिसोलोन देऊन तो प्रतिकार दाबतात. ताकद वाढवून या रुग्णाचं काय भलं होणार?

ताकदीऐवजी ओळख करून देण्याचं उदाहरण म्हणून मला प्लेगची लस बनवणारे शास्त्रज्ञ हाफकिन आठवतात. १८८२ मध्ये मेसिना इथे तारामाशाच्या अळीत काटा टोचून त्या परक्या वस्तूभोवती जमणाऱ्या पेशी शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी पाहिल्या. हाफकिन हे त्यांचेच ओडेसातले विद्यार्थी. प्लेगने मुंबई रिकामी होत असताना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या लशीत होते मेलेले प्लेगचे जंतू. शत्रूचा चेहरा आधी दाखवून ठेवायचा, एवढंच तिचं काम.

तर मग ओळख पटली की झालं? इथे मात्र मला त्या गृहस्थांकडे थोडं सरकावं लागतं. कर्करोगाच्या गाठीत पुष्कळदा टी-पेशी पोहोचलेल्या असतात, ओळखही पटलेली असते, तरी त्या थांबलेल्या असतात, कारण गाठ त्यांचा ब्रेक दाबून ठेवते. तो सोडवण्याची वाट शोधल्याबद्दल ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. म्हणजे जोर वाढवणं कधीकधी खरंच जीव वाचवतं. पण हा ब्रेक सोडवणाऱ्या औषधांनी आतडी आणि थायरॉइडही सुजू शकतात, म्हणून ती रुग्णालयाच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. हे काम दुकानातल्या बाटलीचं नाही.

काढा आवडत असेल तर खुशाल प्या. पण घरात लहान मूल असेल तर त्याचं लसीकरणाचं कार्ड आज काढून पाहा. लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाल्यावर त्यांच्यातली जुन्या आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं, म्हणजे शरीरानं कमावलेली ओळखच, पुसली गेल्याचं २०१९ मध्ये संशोधनात दिसलं. गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. दुसरा चुकवू नका.